इनास आला होता

इनास गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून कळलं. कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता, वीज खात्यातून निवृत्त झाला त्या दिवशीचा, गळ्यात झेंडूचा हार घातलेला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मी तीनदा काहीतरी लिहिलं आणि तीनदा पुसलं. सहा वर्षं ज्याच्याशी एक शब्द बोललो नाही, त्याच्या फोटोखाली काय लिहायचं? आणि गटातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. अंत्यविधीला गेलो, पण शेजारच्या गावातल्या त्याच्या चर्चच्या आवारात पाय टाकायचा धीर झाला नाही. रस्त्यापलीकडे बसथांब्यावर उभा राहिलो, जणू मला साखळीला जाणारी बस पकडायची होती. दोन बस आल्या आणि गेल्या. कंडक्टरने हाक मारली तेव्हा मी नुसती मान हलवली.

गोव्यात लाटंबार्सेच्या पलीकडे आमचा गाव. गावात ख्रिश्चनांची घरं चारच, त्यातलं एक इनासचं. आम्ही पहिलीपासून एका वर्गात. पुढे तो लाईनमन झाला, मी मास्तर आणि मग हेडमास्तर. त्याचा देवधर्म मला फारसा कळला नाही, पण त्यातली एक गोष्ट तो इतकी काटेकोर पाळायचा की गावात सगळ्यांना पाठ झाली होती. कुणाचं काही चुकलं, तर आधी त्याच्या घरी एकट्याने जायचं. तिथे नाही ऐकलं, तर एखाददुसऱ्या जाणत्याला घेऊन जायचं. तरीही नाही ऐकलं, तरच चार लोकांत बोलायचं. "माणसाक लज दिवपाक न्हय रे," तो म्हणायचा, "ताका परतपाक वाट उरूंक जाय." लाज आणायची नाही, परतायला वाट ठेवायची. त्याच्या मेव्हण्याने मुलीच्या लग्नाला खांबावरून चोरून वीज ओढली होती. इनास पहिल्या दिवशी एकटा गेला, चहा पिऊन आला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या मामाला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेला आणि मांडवात पाहुणे असताना वायर तोडून खाली उतरला. मेव्हणा वर्षभर बोलला नाही. इनास मात्र प्रत्येक सणाला गोडधोड घेऊन त्याच्या दारात हजर. शेवटी मेव्हणाच दमला.

माझ्याकडेही तो असा एकदा आला होता. शिष्यवृत्तीच्या यादीत मी माझ्या भाच्याचं नाव एका शेतकऱ्याच्या मुलीच्या वर चढवलं होतं. मधल्या सुट्टीत इनास ऑफिसात आला, दार लोटून घेतलं आणि समोर बसला. रागावला नाही. "विशू, तूं असो न्हय," एवढंच म्हणाला. तो गेल्यावर मी यादी फाडली आणि नवी लिहिली. आजवर हे कुणालाही माहीत नव्हतं, माझ्या भाच्यालासुद्धा नाही. त्याने कधी उल्लेखही केला नाही. पण त्या दिवसापासून मला एक कळून चुकलं होतं, की इनास एकटा समोर येऊन बसला तर आपल्याला खोटं धरून ठेवता येत नाही.

म्हणूनच तर मी लपलो.

निवृत्तीनंतरची गोष्ट. माझ्या काजूच्या भाटातून, म्हणजे बागेतून, एक पायवाट खालच्या झरीकडे जाते. बेळगावकडून बांधकामावर आलेली माणसं खाली खोल्या करून राहतात. त्यांच्या बायका त्या वाटेने घागरी भरून नेत. बाहेरचा एक माणूस तिथे बंगले बांधायला भाट मागत होता आणि त्याची अट होती की मधून वाट नको. मी कुंपण घातलं. बायका पंचायतीत गेल्या. येत्या रविवारच्या ग्रामसभेत विषय यायचा होता आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं की अशी वाट तिथे कधी नव्हतीच. हेडमास्तरच्या शब्दावर त्या बायकांचं कोण ऐकणार, असा माझा हिशेब. शुक्रवारी दुपारी फाटकाशी इनासच्या स्कूटरचा आवाज आला. मी बायकोला म्हटलं, "घरात नाही म्हणून सांग." ती पदराला हात पुसत बाहेर गेली. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून ऐकत होतो. "फाल्यां येतां म्हूण सांग, वयनी," तो म्हणाला. तो उद्या येणार, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सासुरवाडीला इब्रामपूरला निघून गेलो.

रविवारी सभेत मी उभा राहिलो आणि ठरवलेलं बोललो. मागून इनास उठला. आवाज चढवला नाही. "विशू, ते वाटेन तूं आनी हांव सात वर्सां शाळेंत गेल्यांव. झरीचें उदक पियेल्यांव. तूं फट उलयता." हेडमास्तर खोटं बोलतो, असं भर सभेत. त्या घागरीवाल्या बायका भिंतीशी बसल्या होत्या, त्यांतली एक रडायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं खोडून काढता येईना, तेव्हा मी त्याच्यावरच उलटलो. म्हटलं, "तुझी रीत कुठे गेली? आधी एकट्याने घरी यायचं असतं ना? आज एकदम चव्हाट्यावर?" तो गोंधळला. "आयिल्लों. तूं मेळूंक ना." मी म्हटलं, "मग मी भेटेपर्यंत थांबायला काय झालं होतं?" इनास म्हणाला, "तें म्हजें चुकलें," आणि बसला. मी घरातच होतो हे त्या सभेत मला एकट्यालाच माहीत होतं.

वाट राहिली. कुंपण मला काढावं लागलं आणि गिऱ्हाईक गेलं. त्याबद्दल आज मला वाईट वाटत नाही, बरंच झालं. इनास नंतर दोनदा घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "वाटेचें हांव परत तेंच सांगतलों. पूण पयलीं तुका एकट्याक सांगूंक जाय आशिल्लें. ताचे खातीर माफ कर." मी दोन्ही वेळा दार लावून घेतलं. तिसऱ्या वेळी आला असता तर उघडलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. खरं म्हणजे नसतं उघडलं. माफ करायचं म्हटलं की मला आधी त्या शुक्रवारबद्दल बोलावं लागलं असतं.

महिन्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको आनमारी व्हरांड्यात बसली होती. तिने खुर्ची पुढे केली. मग सांगू लागली. चर्चमध्ये मीस, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना शेवटी सगळे उठून पाद्रीच्या हातून पवित्र भाकर घ्यायला पुढे जातात, त्याला ती कुमगार म्हणते. इनास सहा वर्षं त्यासाठी उठला नाही. मागच्या शेवटच्या बाकावर बसून राहायचा. "पाद्रीन कितलेंशें समजायलें. म्हणलें, इनास, तुवें खरें सांगलां, तुजेर पाप ना. तो म्हणटालो, म्हज्या भावाच्या मनांत म्हजेविशीं राग आसा, तो उलयसर हांव फुडें वचचों ना." तो भाऊ म्हणजे मी, आणि मी बोलेपर्यंत तो पुढे जाणार नव्हता. चर्चमधल्या लोकांनी काय काय तर्क केले तेही तिने सांगितलं. कुणी म्हणे खात्यात लाच खाल्ली असणार, कुणी म्हणे बाईचं प्रकरण असणार. त्याने पाद्री आणि तिच्याशिवाय कुणालाही कारण सांगितलं नाही, कारण त्यात माझं नाव आलं असतं. "निमाणे दिसा पाद्री कुमगार घरा घेवन आयलो," ती शेवटच्या दिवसाबद्दल म्हणाली. "तेन्ना ताका गिळूंकूच जालें ना."

माझ्याने राहवेना. मी तिला सांगितलं, "वयनी, तो आला त्या दिवशी मी घरात होतो." तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. "सगळो वेळ?" एवढं विचारलं. मी मान हलवली. ती अंगणाकडे वळली. मग म्हणाली, "म्हाका सांगून कितें उपेग, मास्तर? तुमी ताका चार जाणांमुखार चुकीचो थारायलो. चार जाणांमुखारूच सांगात." म्हणून हे इथे, सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे. पुढच्या ग्रामसभेतही उभा राहून सांगणार आहे. इनासला त्याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. त्याला मी एकदा दार उघडून हाक मारली असती तर पुरे होतं, आणि तेवढं मी सहा वर्षांत केलं नाही... या खेदाला आता कुठेच जागा नाही.

गेल्या रविवारी मी त्याच्या चर्चमध्ये गेलो आणि त्या शेवटच्या बाकावर बसलो. मी हिंदू, मला पुढे जायचं नव्हतंच. तरी सगळे एकेक करून उठले, बाक रिकामे झाले, तेव्हा हात कुठे ठेवावे ते कळेना. परत येणाऱ्या रांगेतल्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. जेमतेम दहा मिनिटं मी तसा बसलो असेन. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. इनासला सगळे ओळखत होते.