तीन नंबरच्या चेंबरचं दार

अंतराळात माणसं राहतात त्या स्थानकाच्या नळ्यांमध्येही गारव्यासाठी अमोनियाच खेळवतात, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. ती गोंदियाला कॉलेजात विज्ञान शिकते आणि मी कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन चालवतो, म्हणून असलं काही सापडलं की मोबाईल घेऊन माझ्यासमोर येऊन बसते. तिथं गळतीचा नुसता संशय आला तरी माणसं तोंडाला मास्क लावतात, दुसऱ्या भागात सरकतात आणि मधलं दार बंद करून घेतात, असं तिनं वाचून दाखवलं. "बाबा, अगदी तुमच्यावानीच," म्हणून ती हसली. मी विचारलं, दार लावायच्या आधी माणसं मोजतात का? त्यात विचारण्यासारखं काय आहे ते तिला कळलं नाही. मी तिला ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती.

आमचं कोल्ड स्टोरेज गोंदियाजवळचं फुलचूर गाव ओलांडून पुढे, धानाच्या बांध्यांच्या कडेला आहे. इमारत जुनी. आत शिरायचं ते मशीनरूममधून आणि बाहेर पडायचं तेही मशीनरूममधूनच. मागं आणखी एक दार आहे म्हणतात, पण त्याच्यापुढे बटाट्याच्या पोत्यांची थप्पी एकदा लागली की हंगाम संपेपर्यंत ते कोणाच्या नजरेस पडायचं नाही. हे बरोबर नाही असं मी मालकाला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा सांगायचा कंटाळा केला. गॅसचा मास्कही होता. तो मशीनरूमच्या भिंतीला टांगलेला, म्हणजे गॅस जिथं सुटणार नेमका तिथंच. ज्यानं तो टांगला त्याची अक्कल मी वर्षानुवर्षं काढत आलो. खिळा उपटून दुसरीकडे ठोकायला मलाही हात होते, पण ते कोण बघतो.

त्या वर्षी मे महिन्यात माझे वडील गेले. तेरवी आटोपून मी कामावर आलो तो डोक्याचा गोटा करून. सुतक फिटल्यावर घरात गोमूत्र शिंपडलं होतं, त्यातलं उरलेलं आईनं प्लास्टिकच्या बाटलीत भरून माझ्या हाती दिलं. "मशीनले हात लावाच्या पयले शिपड," म्हणाली. आमच्याकडे नांगराला शिंपडतात, विहिरीला शिंपडतात. वीस वर्षं ज्या मशीननं घर चालवलं ती का वगळायची? आंब्याचं पान घेऊन नीट शिंपडायला हवं होतं, पण मला उशीर झाला होता. कॉम्प्रेसरच्या तापलेल्या डोक्यावर अख्खी बाटली ओतली, थोडं शर्टाच्या बाहीवर आलं. हात जोडले आणि तापमान बघायला तीन नंबरच्या चेंबरमध्ये गेलो.

उन्हाळी धानाची कापणी सुरू होती, त्यामुळे बटाटे निवडणाऱ्या बाया तिकडे गेल्या होत्या. दोघीच आल्या होत्या. एक साठीची बाई आणि तिची सून. सून कामाला लागून महिनाही झाला नव्हता. सासू स्वेटर घालून पोत्यावर बसायची आणि बटाटे कमी, सुनेच्या चुका जास्त निवडायची. पोतं असं काऊन धरते, सडका बटाटा चांगल्यात काऊन टाकते. बाहेर पंचेचाळीस अंश, आत चार. माठ बाहेर कडुनिंबाखाली होता, कारण मालकाला आत सांडासांड नको होती. सून कळशी घेऊन पाण्याला गेली आणि थोड्या वेळानं भोंगा वाजला.

मशीनरूमच्या छताला गॅस पकडणारं यंत्र आहे. ते वाजलं म्हणजे अमोनिया सुटला. चेंबरबाहेरच्या बोळात मशीन बंद करायचं बटन आहे, तिथवर धावलो, ते दाबलं आणि घाम पुसायला बाही तोंडावर फिरवली. नाकात तो वास भरला. तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. मग शंका उरली नाही. पुढे मशीनरूम, तिच्यातून जायचं म्हणजे मरायचं. उलटा फिरलो, चेंबरमध्ये शिरलो आणि दार ओढलं. त्या दाराचं रबर झिजलेलं होतं, आतून कडीत लाकडी दांडा अडकवल्याशिवाय ते घट्ट बसायचं नाही. दांडा अडकवला.

"माही सून बाहीर हाये," म्हातारी म्हणाली.

"बाहेर हाये म्हून तं वाचली," मी म्हणालो. "आपली काळजी करा मावशी."

मोबाईलला तिथं कधीच रेंज नसते. फाटकावरचा चौकीदार भोंगा ऐकून मालकाला फोन करेल, मालक फायर ब्रिगेडला करेल, असा मी हिशेब मांडत होतो. पंखे बंद पडल्यानं आणि जाड दाराआड भोंगाही दबल्यानं चेंबर एकदम मुका झाला. माझ्या उघड्या डोक्याला थंडी अशी झोंबली की मी एक रिकामं पोतं डोक्यावर घेतलं. एरवी म्हातारी हसली असती. मला घडीघडी वास येत होता. दाराच्या फटीतून गॅस आत येऊन राहिला, अशी माझी खात्री झाली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

आधी हळू, मग दोन्ही हातांनी. मग कडी हलली, दांडा करकरला. सून परत आली होती. बाहेर सुखरूप होती ती बाई कळशी घेऊन मशीनरूममधून आत आली होती.

"बाहेर जा!" मी ओरडलो. दारात चार बोटं जाड थर्माकोल. माझा आवाज तिच्यापर्यंत गेला नाही आणि ती काय म्हणते तेही आम्हाला कळलं नाही. म्हातारीनं येऊन दांड्याला हात घातला. मी तिचं मनगट धरलं.

"उघडा ना भाऊ. पोरगी हाये माही."

महिनाभरात तिनं सुनेला पोरगी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, उघडलं तर तिघंही मरू. हे मी शिकलो होतो आणि ते खरंच आहे. म्हातारीनं माझ्या पाठीवर बुक्के मारले. मी दांडा दोन्ही हातांनी धरून दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि त्या थापा मला पाठीत लागत राहिल्या. मी भित्रा होतो की शहाणा होतो, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. भीती मात्र वाटत होती, ती स्वतःच्या जिवाची होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग थापा थांबल्या.

त्या सुरू होत्या तोवर ती जिवंत होती. थांबल्यावर मी कान दाराला लावला. खाली काहीतरी घासल्यासारखं वाटलं, नंतर तेही नाही. म्हातारी पोत्यावर जाऊन बसली आणि माझ्याकडे बघेनाशी झाली. तिनं आणखी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ना बाहेर जाता येत होतं, ना तिला आत घेता येत होतं, आणि घड्याळात मिनिटं सरकत होती ती तिच्या आयुष्यातली. वडिलांच्या चितेपुढे मी कोरडा उभा होतो. तिथं मात्र डोक्यावर पोतं घेऊन रडलो.

पाऊण तास तसा गेला. बोटं वाकेनाशी झाली, म्हणून तोंडाजवळ धरून त्यांवर फुंकर मारली. नाकात वास भरला. हात खाली केला, वास गेला. पुन्हा वर आणला, आला. मी बाही हुंगली.

मी गुडघ्यावर बसून दाराच्या फटीला नाक लावलं. तिथं फक्त ओल्या गोणपाटाचा वास होता. शिळ्या गोमूत्रालाही अमोनियाच सुटतो; बाटली तीन-चार दिवस उन्हाळ्यात बंद होती आणि मी ती गॅस पकडणाऱ्या यंत्राच्या बरोबर खाली, गरम लोखंडावर ओतली होती. मी उठून दांडा काढला.

दार उघडायला जड गेलं. खालच्या फटीत बाहेरून ओली पोती ठासून बसवलेली होती. सून रिकामी कळशी शेजारी ठेवून, पदर नाकातोंडाला बांधून, भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे होते. तिनं ते माझ्याकडे वळवले.

म्हातारी मला बाजूला सारून पुढे गेली. "पानी आनाले इतका येळ लागते का?" म्हणाली आणि सुनेला दोन्ही हातांनी धरून बसली, ते कितीतरी वेळ सोडलं नाही.

मी गंधकाची काडी पेटवून सगळ्या सांध्यांवरून फिरवली. गळती असती तर पांढरा धूर उठला असता. कुठं उठला नाही. मालक धापा टाकत आला, म्हणाला, "अच्छा किया भाई, दरवाजा नहीं खोला, यही सही था." यंत्र बिघडलं असेल असं त्यानं स्वतःच ठरवलं. मी मान हलवली. धुतलेली बाही तोवर वाळली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सुनेजवळ गेलो. म्हातारी हात धुवायला गेली होती. मी सगळं सांगितलं, बाटलीपासून बाहीपर्यंत. तिनं ऐकून घेतलं.

"तू बाहीर काऊन नाई पळाली?" मी विचारलं.

"सासू आत हाये तं कोठी पळू? मी सांगाले आली होती, रस्ता मोकळा हाये म्हून. मले काई झालं नाई ना येताना. तुमी उघडलं नाई, तं वाटलं, आत गॅस जाऊ नये म्हून लावलं असन दार. म्हून पानी पोत्यावर टाकलं अन् कोंबले." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "अन् खरंच गॅस असता, मी थापा मारतच राहिली असती, तं उघडलं असतं का?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तिनं मानलंही असतं.

"नाई," मी म्हणालो.

ती बटाटे निवडत राहिली. दोन सडके बाजूला टाकले, पदराला हात पुसले आणि उठून बाहेर गेली. मला वाटलं, आता ही काम सोडणार. ती कडुनिंबाखालचा माठ कमरेवर घेऊन आली आणि तीन नंबरच्या चेंबरमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला ठेवला.

"मंग पान्यासाठी कोनी बाहीर जाऊच नये," म्हणाली.

मास्क मी त्याच दिवशी आत आणून टांगला. मागच्या दारापुढची पोतीही हलवली, मालकाला न विचारता. माठ अजून तिथंच आहे. त्यातलं पाणी इतकं गार असतं की दात ठणकतात आणि मे महिन्यातही ते घोट घोटच प्यावं लागतं. म्हातारी रोज त्याला नावं ठेवते. तरी आम्ही तिघंही तेच पितो.