विद्यानगरचा समुद्र

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठी शिकलो तीही घरी बोलूनच. तेव्हा लिहायला बसण्याचा मला कितपत हक्क आहे, ठाऊक नाही.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, विद्यानगरच्या एका संस्थेत मी बिनपगारी शिकाऊ होतो. समुद्रातल्या यंत्रांची माहिती ऑनलाइन नकाशावर दिसावी, कुणालाही ती घेता यावी, एवढं माझं काम. नकाशा तपासणीत पास झाला तर माझ्यासाठी सहायकाची जागा मंजूर होणार होती. वडिलांनी ती झाल्याचं आमच्या मोहल्ल्यात, बरकतपुऱ्यात, सांगूनही टाकलं होतं.

अडचण एकच. एक पिवळा बोया, म्हणजे समुद्रात नांगरून ठेवायचा तरंगता गोळा, चाचणीसाठी आमच्या गच्चीवर होता. त्याला समुद्रात न्यायला बंदरात जहाज येईना, आणि तो तिथूनच इमानदारीने माहिती पाठवत राहिला. नकाशावर विद्यानगरात समुद्र दिसू लागला. पाणी चटके बसतील इतकं गरम, लाटा शून्य.

"मॅडम, हा ठिपका काढू का?" मी आमच्या प्रमुखांना विचारलं.

"आलेली माहिती आपण पुसत नाही."

"मग बोया बंद करू?"

"अरे, चाचणी चालू आहे ना."

एका सकाळी नकाशावर लाटा उठल्या. मी गच्चीवर धावलो. वॉचमनचाचांनी बोयाला दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या. वारं आलं की बोया डुलत होता.

"चाचा, दोरी सोडा. समुद्र खवळलाय."

"चादरां सूकने देव मियाँ, आपीच शांत हो जाता."

पुढे एका परदेशी संशोधकाची मेल आली, की इथे लाटा फक्त सकाळीच का येतात? मी चादरींसकट खरं ते लिहिलं. त्यांनी आभार मानले आणि विचारलं, रविवारी चादरी जास्त असतात का?

तपासणीला एक साहेब आले. त्यांनी विद्यानगरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे केंद्र कोण सांभाळतं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं. 'साहेब, ती गच्ची आहे' असं मी म्हणायच्या आत त्यांचं बोट पुढच्या ठिपक्यावर गेलं. त्यानंतर आई रोज विचारायची, "आलं का रे काही?"

शेवटी मॅडमचा फोन आला. जागा मंजूर झाली होती, विद्यानगर सागरी केंद्रावर, बोया तिथे असेपर्यंत. आणि बोया न्यायला जहाज बंदरात लागलं होतं.