संताच्या घोड्याचं माप

मला लिहायची सवय नाही, आणि हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण सेबेस्टियनकडे घोडी कशी आली हे भुईगावात जो तो वेगळं सांगतो. शिडी मी धरली होती, म्हणून मी सांगतो.

दोन हजार एक साली सेबेस्टियनने तबेल्यातल्या शेवटच्या म्हशी विकल्या. पिशवीतल्या दुधापुढे त्याचं काही चालेना. धाकटा भाऊ फ्रेडरिक टपलेलाच होता. "दादा, आता जागा बिल्डरला देऊन टाकू." जागा दोघांची. सेबेस्टियनचा जन्म तिथे शेण काढण्यात गेलेला, त्याला ते ऐकवेना. शेवटी ठरलं, तबेल्यात जनावर आलं तर जागा विकायची नाही.

नायगावचा पॉल लग्नाच्या वरातीला घोड्या द्यायचा. त्याला जागा पुरत नव्हती. तो म्हणाला, "रविवारी एक घोडी आणतो. तबेला पसंत पडला तर ठेवीन, मग बाकीच्याही आणीन. काटेरी तार काढ. कुजका पेंढा फेक, म्हशीला पचतो तो घोडीला पचत नाही. फरशीवर भाताचं तूस पसर. आणि दाराची उंची बघ."

सेबेस्टियनने सगळं केलं आणि दाराशी अडला. घोडी किती उंच असते? पॉलला विचारावं तर तो म्हणणार, याला एवढंही ठाऊक नाही, याच्याकडे घोडी कशाला ठेवू?

आमच्या चर्चमध्ये उंच चौथऱ्यावर संत याकोब लाकडी घोड्यावर बसलेले आहेत. मी शिडी धरली आणि सेबेस्टियनने घोड्याच्या कानापासून खुरापर्यंत सुंभ लावला. तेवढ्यात फादर आले.

"काय रे, काय चाललंय?"

"नवस आहे, फादर."

"नवसाला सुंभ?"

"मोठा आहे नवस."

घरी येऊन पाहिलं तर दार त्या मापापेक्षा वीतभर उंचच निघालं. सेबेस्टियन खूश. "संताच्या घोड्याहून उंच घोडी नायगावात कुठून येनार?" मलाही पटलं. संत मोठा दिसावा म्हणून कारागिराने घोडा शिंगराएवढा केला असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी टेम्पोतून घोडी उतरली. दाराचा वरचा ओंडका जेमतेम तिच्या पाठीपर्यंत येत होता.

पॉल भडकला. "हिला गुडघे टेकवून आत नेऊ? पापं कबूल करायला आलीय का ती?"

फ्रेडरिक कुंपणापाशी हसत होता. पॉलने टेम्पो वळवायला सांगितला.

सेबेस्टियनने पहार घेतली आणि ओंडक्याला हाणली. दुसऱ्या घावाला ओंडका निघाला, त्याच्यामागे वासे आले आणि पुढचं अर्धं छप्पर कौलांसकट खाली बसलं.

"येसू रे! बाप्या, आता घर पन पाडतोस का?" त्याची बायको लिली चुलीपासून ओरडत आली.

आम्हाला वाटलं, घोडी उधळणार. पण वरातींतले फटाके ऐकून तिचे कान किटलेले. ती कौलं तुडवत आत गेली आणि गव्हाणीतल्या हिरव्या गवताला तोंड लावलं.

ती खातेय म्हटल्यावर पॉलने टेम्पो थांबवला. "पावसाच्या आधी छप्पर घाल," तो म्हणाला. "आणि तिला बांध आता."

फ्रेडरिकने तोंडातली शिवी गिळली आणि वाटेतली कौलं बाजूला करायला लागला.

सेबेस्टियन दोर हातात घेऊन बाहेरच उभा होता. "लाथ मारते का रे?"

"तुझ्यासारख्याला मारायलाच हवी," पॉल म्हणाला.

सेबेस्टियनने आमच्याकडे एकदा बघितलं आणि आत गेला.