हवेच्या बाटलीचा दोरा

ती घटना आजही आठवली की माझी मान आपोआप खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण गुन्हा उघड झाल्यावरही लाज वाटावी अशी केस ही एकच. नाव कुणाचंच घेणार नाही. सगळी मंडळी पुण्यातच आहेत आणि अधूनमधून मंडईत समोर येतात.

पुण्याला समुद्र नाही. म्हणून हौशी पुणेकर तो दगडाच्या खाणीत शोधतो. मांजरीच्या पुढे एका बंद खाणीत पाणी साठलं होतं. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहायला शिकवणाऱ्या एक बाई खाणमालकाच्या परवानगीनं तिथं सराव घ्यायच्या. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात समुद्रात उतरायचं, त्याची ही तालीम. खाण आमच्या हद्दीत आणि मी ठाण्याचा प्रभारी, म्हणून अपघाताची वर्दी माझ्याकडे आली.

एका कंपनीचे मॅनेजर आणि त्यांचा तरुण मेहुणा जोडीनं पाण्यात उतरले होते. मेहुण्याच्या छातीत पाणी गेलं, तो अतिदक्षता विभागात बेशुद्ध होता. मॅनेजरांनी फिर्याद दिली, "माझी टाकी संपली. अडीअडचणीसाठी छोटी बाटली होती, ती बाईंनी रिकामीच दिली. तेवढ्यात मेहुणा गुदमरताना दिसला. जिवावर उदार होऊन मी त्याला वर आणलं." कंपनीत त्यांचं कौतुक चाललं होतं. इकडे बाईंवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. मेहुणा दगावला असता तर बाई सरळ तुरुंगात गेल्या असत्या. वर्ग तर तसाही बंद पडला होता.

मी बाईंना ठाण्यात बोलावलं. म्हटलं, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. सोपं करून सांगा."

"साहेब, टाकी दगा देईल म्हणून दुसरी सोय लागते. एक म्हणजे प्रत्येकाच्या टाकीला आणखी एक नळी जोडायची, पिवळी. ती जोडीदारासाठी. त्याची हवा संपली की तो खूण करतो आणि आपल्या टाकीवर श्वास घेतो. दुसरी सोय म्हणजे वेगळी छोटी बाटली. तिची हवा वेगळी, नळी वेगळी."

"मग चांगलं काय?"

"दोन्ही चांगलं. पण बाटली उतरण्याआधी उघडून ठेवावी लागते आणि डोळे मिटून हात तिच्यावर गेला पाहिजे. नवशिक्यानं आधी पिवळी नळी मागायला शिकावं, असं माझं मत. हे मॅनेजर म्हणाले, मी कुणाच्या हवेवर जगणार नाही. स्वतः बाटली विकत आणली. दसऱ्याआधी मीच ती भरून दिली."

"उतरताना तपासली नाहीत?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "विचारलं होतं. 'माझं मी बघतो' म्हणाले. मी हात लावून बघायला हवं होतं."

दोन दिवसांनी खाणीचा रखवालदार ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर माझी वाट बघत उभा दिसला. "साहेब, माजं नाव नगा घेऊ, मालक काढून टाकंल. पर ते वर आलं तवा मोठ्या साहेबाच्या तोंडात त्या पोराची नळी हुती. पोराच्या तोंडात कायबी नव्हतं. ह्यानं त्याला पार आवळून धरलं हुतं."

मी मॅनेजरांना पुन्हा बोलावलं. रुग्णाची बहीण म्हणून त्यांच्या पत्नीचाही जबाब घ्यायचा होता. दोघं समोर बसली.

"आपली टाकी संपली होती, बाटली रिकामी होती. मग मेहुण्याला वर आणेपर्यंत आपण श्वास कशावर घेत होतात?"

"दम धरला होता."

"वा! एवढा दम होता तर टाकी कशाला बांधलीत?"

तरी ते जबाब बदलेनात. तेवढ्यात हवालदारानं मुद्देमालातली बाटली आणली. पंचांसमक्ष सील उघडलं. बाटलीच्या मानेवर, हवा उघडायच्या चावीला लाल-पिवळा पूजेचा दोरा गुंडाळलेला होता. जप्तीच्या दिवशीही मी तो पाहिला होता आणि श्रद्धाळू माणूस दिसतो, एवढंच मनात आलं होतं. आता मात्र मला आमची शस्त्रपूजा आठवली. दसऱ्याला ठाण्यात बंदुकांना आम्हीही दोरा बांधतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार कात्री घेऊन प्रत्येक दोरा तोडतो, कारण घोड्याला दोरा अडकलेली बंदूक म्हणजे नुसती काठी. घरी आपण असं करत नाही. पूजेचा दोरा गळून पडेपर्यंत ठेवतो, मग तो स्कूटरला असो की मिक्सरला. या दोऱ्याची गाठ तर जशीच्या तशी होती. म्हणजे दसऱ्यापासून ती चावी कुणी फिरवलेलीच नव्हती.

"ताई, ही गाठ तुमची का?"

"हो. दोघं पाण्यात जाणार म्हणून मीच बांधली."

आता जे सांगतो त्याची मला आजही लाज वाटते. दोरा हवालदारही कापू शकला असता. मी मुद्दाम कात्री ताईंच्या हातात दिली. नवरा काय करतो ते मला बघायचं होतं. निव्वळ पोलिसी डाव. ताईंनी दोरा कापला. बोलावलेल्या जाणकारानं चावी फिरवली, नळीचं बटण दाबलं आणि बाटलीतून जोरात हवा सुटली. ती थांबेचना. रिकामी म्हणून फिर्यादीत लिहिलेली बाटली गच्च भरलेली होती.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे माझ्या दोऱ्यामुळं? अगं आई गं, माझ्या भावाला मी…"

"नाही!" मॅनेजर उठून उभे राहिले. "तुझा दोरा नाही. मी. बाटलीतूनही हवा येईना तसा मी घाबरलो. त्याच्या तोंडातली नळी मी ओढून घेतली. पिवळी समोर लोंबत होती, मला दिसलीसुद्धा नाही. तो हात सोडवत होता. मी सोडले नाहीत." मग खाली बसून अगदी हळू म्हणाले, "वर आल्यावर लोक म्हणाले, वाचवलंत त्याला. मला नाही म्हणता आलं नाही."

चोर चोरी कबूल करतो. मारामारी करणारा तर फुशारक्या मारतो. पण 'मी घाबरलो' हे शब्द माणसाच्या तोंडून काढणं फार कठीण, हे मी त्या दिवशी शिकलो. त्या लाजेपायी एका निर्दोष बाईला आयुष्यातून उठवायला हा सभ्य माणूस तयार झाला होता.

बाईंचं नाव गुन्ह्यातून वगळलं. आठवड्याभरात मेहुणा शुद्धीवर आला. मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा ताई उशाशी बसल्या होत्या. काय आठवतं असं विचारल्यावर त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काहीच नाही." भाऊजींनी सगळं सांगितलंय, असं मी म्हणालो. त्यानं डोळे मिटले. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नुसती खूण केली असती तरी दिली असती, साहेब. त्यांच्यासाठीच तर होती ती पिवळी नळी."

निघताना ताई दारापर्यंत आल्या. "साहेब, तो दोरा कुठंय?"

"मुद्देमालात आहे. हवा असेल तर नंतर मिळेल."

"नको. पण एक विचारते. ती कात्री माझ्याच हातात का दिलीत?"

 फाईल चाळल्यासारखं करून मी जिना उतरलो. आता निवृत्त झालोय. दसऱ्याला गाडीची, हत्यारांची पूजा बायको करते, दोरेही तीच बांधते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे मी स्वतः कापतो. ती म्हणते, द्या इकडे, मी कापते. मी कात्री तिच्या हातात देत नाही.