बावीस ठिकाणी चुकलेलं पुस्तक

घाटंजीत नानाजीचं घर नावानं विचारलं तर लोक डोकं खाजवतात. भोंगेवाला म्हटलं की दारापर्यंत सोडून येतात. कारण या माणसानं आयुष्यात जे जे बनवलं, ते शेवटी बोंबललं. पाण्याची टाकी भरली की बोंबलणारं यंत्र. दार उघडलं की बोंबलणारं यंत्र. वावरात रानडुक्कर तारेला लागलं की बोंबलणारं यंत्र. दूध उतू जायच्या आधी बोंबलणारंही एक केलं होतं, पण ते दूध उतू गेल्यावर बोंबलायचं. त्याच्या बायकोनं, इंदूबाईनं, ते चुलीत घातलं. तिथंही ते थोडं बोंबललं.

नानाजी आठवीपर्यंत शिकला आणि जिनिंगमध्ये लागला. तिथं रेचे असतात, कापसातून सरकी वेगळी काढणारे. त्यांच्या तोंडात कापूस लोटायचा, एवढंच काम. पाळी संपली की नाकातून रुई काढायची आणि घरी जायचं. या कामात डोकं लागत नाही, म्हणून ते रिकामं राहतं. रिकामं डोकं बहुतेक लोक पत्त्यांत घालतात. नानाजीनं भज्यांत घातलं.

झालं असं, की शहाऐंशी सालच्या एका आठवडी बाजारात भजेवाला एक पुस्तक फाडून त्यात भजे बांधून देत होता. नानाजीच्या भज्यांखाली सेल, तार आणि बल्बचं चित्र आलं. त्यानं भजे खाल्ले, कागदावरचं तेल पँटीला पुसलं, आणि उभ्या उभ्या वाचून काढलं. मग उरलेलं पुस्तक मागितलं. भजेवाला म्हणाला, बांधायला दुसरा कागद आण. नानाजीनं जिनिंगच्या ऑफिसातली वर्तमानपत्रं उचलून आणली. त्या दिवसाचीही होती. मालक दुपारी पेपर शोधत बसला.

पुस्तक नवशिक्यांसाठी होतं, मराठीत, तीस यंत्रं घरी करून पाहण्याचं. कव्हर गेलेलं, लेखकाचं नाव गेलेलं, प्रस्तावनेची पहिली दोन पानं कुणाच्या तरी पोटाबरोबर गेलेली. उरलेलं पुस्तक सुरूच व्हायचं ते असं: ‘यांचेही मनापासून आभार मानतो.’ नानाजीनं ते पान उलटलं. आभार आपले मानलेले नव्हते, मग वाचायचे कशाला?

पहिल्या यंत्रापासून तो लागला. सामान घाटंजीत मिळत नव्हतं. सुटीच्या दिवशी एसटीनं यवतमाळला जायचं, ट्रान्झिस्टर आणायचे, हात भाजेपर्यंत जोडायचे. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा, हरभऱ्याएवढा पुर्जा. कोणता पाय कुठं लावायचा याचं पुस्तकात चित्र होतं. नानाजी चित्राप्रमाणे लावायचा. भोंगा वाजायचा, पण मेल्या आवाजात. मग नानाजी दोनाचे तीन सेल करायचा, एका ट्रान्झिस्टरचे तीन करायचा. भोंगा सुधारायचा. मग तो शाईपेन घेऊन समासात लिहायचा: ‘पुस्तक चुकलं. तीन सेल लागतात.’

असं बावीस ठिकाणी लिहिलं. तो पुस्तकातल्या प्रत्येक शब्दावर शंका घ्यायचा, चित्रावर कधीच नाही. यवतमाळच्या दुकानदारानं एकदा विचारलं होतं, “पाय उलटे तर लावत नाही ना?” नानाजीनं दुकान बदललं.

एकोणतीस यंत्रं झाली. तिसावं होत नव्हतं. ते होतं खिशात मावणारा रेडिओ.

आणि नेमकं तेच इंदूबाईचं होतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी रेडिओ देऊ केला होता, कातडी पिशवीसकट. भर बैठकीत नानाजी म्हणाला होता, “कायले? मी घरीच करून देतो ना तिले.” सोयऱ्यांनी माना डोलावल्या, जावई हुशार म्हणून. इंदूबाईनं बाबूजीचा रेडिओ धाकट्या बहिणीच्या घरी जाताना पाहिला. त्यानंतर नानाजीनं सात रेडिओ बनवले. सातवा परवाच्या दिवाळीत. एकातून आवाज आला होता, पण तो शेजारच्या पिठाच्या चक्कीचा निघाला.

यंदा शाळेनं विज्ञान प्रदर्शन ठरवलं. शुभदा नावाच्या विज्ञानाच्या मॅडमनी नानाजीचं पुस्तक मागून नेलं. समासातलं वाचून त्या हरखल्या. पुस्तक काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं आणि वर बोर्ड: ‘पुस्तकातील बावीस चुका सुधारणारे आपले नानाजी.’ बोर्ड रंगवूनही झाला. जिनिंगमध्ये तीस वर्षं ‘ए’ एवढीच हाक ऐकलेल्या माणसाचं नाव कुणी रंगानं लिहिलं नव्हतं. नानाजीनं सदऱ्याला इस्त्री करून आणली.

प्रदर्शन सोमवारी. शनिवारी दुपारी शुभदा पुस्तक घेऊन घरी आल्या. चेहरा निकाल कमी लागल्यासारखा.

“काका, पुस्तकाला कव्हर घालत होते. हे आभाराचं पान तुम्ही वाचलंय?”

“आभार कायले वाचू?”

“आभार दोनच ओळी आहेत. खाली बघा.”

नानाजीनं चष्मा लावला. तेलाच्या डागाच्या खाली लिहिलं होतं: ‘या पुस्तकात ट्रान्झिस्टरची सर्व चित्रे पायांच्या बाजूने पाहून काढली आहेत. वरून पाहिल्यास डावा पाय उजवा दिसेल, हे नवशिक्याने विसरू नये.’

नानाजीनं एकदा वाचलं. मग एक ट्रान्झिस्टर उचलून वरून पाहिला, खालून पाहिला. परत वरून पाहिला, काही बदललं का म्हणून.

“उलटे लावले तरी तो थोडा चालतो,” शुभदा हळूच म्हणाल्या. “अशक्तासारखा. म्हणून तुम्हाला सेल वाढवावे लागले.”

“म्हणजे पुस्तक बरोबर.”

“हो.”

“बावीसही ठिकाणी?”

“मी तपासलं, काका. बावीसही.”

इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं शेंग खाली ठेवली. “अडतीस वर्षं उलटंच लावून राह्यले तुमी? आन् मी त्या पुस्तकाले शिव्या देऊन राह्यली!”

तेवढ्यात पूनमसिंग आला. हा नानाजीचा जिनिंगमधला जोडीदार, आता बंजाऱ्यांच्या तांड्याजवळ वावर कसतो. त्याच्या भोंग्याचे सेल संपले होते, तेच न्यायला आला होता. सगळं ऐकून तो भिंतीला टेकून पोट धरून हसला. मग गंभीर झाला.

“भैया, सांगू नको कोणाले. प्रस्तावना वाचते कोण? आजवर कोणीच नाही वाचली. तू तं नाहीच.”

“मॅडमनं वाचली ना.”

“मॅडम गप राहीन. व्हय का नाही, मॅडम?”

शुभदा म्हणाल्या, “काका, बोर्डावर नुसतं ‘नानाजींचं पुस्तक’ लिहिता येईल. पेटीत पुस्तक दुसऱ्याच कुठल्या पानावर उघडं ठेवू. मी कुणाला सांगणार नाही.”

“हे पाह्य,” पूनमसिंग म्हणाला, “तुह्या भोंग्यानं माह्या वावरातले डुक्करं पळते. त्यायनं काय प्रस्तावना वाचली?”

नानाजीनं मेहनत केली, हे खरंच होतं. बोटांवर डाग होते. पण रेच्यात कापसाऐवजी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, लोटणारा माणूसही घामच गाळतो. मुकादम त्याला शाबासकी देत नाही, घरी पाठवतो. आणि नानाजीनं तर उलट मुकादमालाच घरी पाठवलं होतं, बावीस वेळा, शाईनं.

त्यानं पेन काढलं. पहिल्या टिपणाखाली लिहिलं: ‘चूक माझी. नानाजी.’ पान उलटलं. दुसऱ्याखाली लिहिलं.

“एकदाच लिहा ना, काका. सगळ्यांसाठी मिळून.”

“पुस्तकाले बावीस वेळा चुकलं म्हनलं. एकदा लिहून कसं भागन?”

नवव्याला पेनातली शाई संपली. शुभदांचं घेतलं. सतराव्या टिपणाशी तो थांबला. तिथं त्यानं जवानीच्या जोरात लिहिलं होतं: ‘लेखकाने स्वतः करून पाहिलेले दिसत नाही.’ नानाजीनं ती ओळ तीनदा खोडली, कागद फाटेस्तोवर.

“या लिवनाऱ्याचं नाव कुठं मिळन का हो?”

“कव्हरच नाही, काका.”

“भज्यात गेलं,” नानाजी म्हणाला.

बावीस झाली. त्यानं पुस्तक शुभदांच्या हातात दिलं. “बोर्डावरचं ‘सुधारणारे’ पुसा. ‘करणारे’ लिहा. बावीसचा आकडा राहू द्या, त्यात मेहनत हाये. आन् पेटीत तेच पान उघडं ठेवा, आभाराचं.”

“नक्की?”

“पोरं भजे खाऊन येतीन, पानं उलटतीन. त्यायले तेवढं तं दिसलं पायजे.”

मग तो पलंगाखाली शिरला आणि सातवा रेडिओ काढला, बिस्किटाच्या डब्यातला. दोन ट्रान्झिस्टर सोडवले, पालथे केले, पुन्हा जोडले. पंधरा मिनिटांचं काम. डब्यात तीन सेल होते. एक काढून खिशात टाकला, पुस्तकात दोनच सांगितले होते म्हणून.

कानात घालायची नळी त्यानं इंदूबाईकडे दिली आणि चकती फिरवली. इंदूबाईनं तोंड वाकडं केलं. मग तोंड सरळ झालं.

“काय ऐकू येते?”

“थांबा.”

“गाणं हाये का?”

“गप बसा ना. बोंडअळीचं सांगून राह्यला एक मानूस.”

“मले ऐकू दे.”

“आपल्याले वावर असतं तं बोंडअळीचं तुमाले ऐकू दिलं असतं,” ती म्हणाली, आणि पाठ फिरवून बसली. “हे माह्या बाबूजीच्या रेडिओच्या बदल्यातलं हाये. तुमी नंतर ऐका.”

शुभदा हसत पुस्तक पिशवीत ठेवू लागल्या. नानाजीनं खिशातला तिसरा सेल काढला आणि पूनमसिंगकडे फेकला.

“हे घे. एक उरला.”

“आन् माह्या भोंग्याचे पाय?”

“उद्या येतो,” नानाजी म्हणाला. “सरळ करून देतो. पन बैलं दूर बांधून ठेव, आता तो खरा वाजन.”