पेंटर आणि जिन्यावरचे चाळीस शब्द

पेंटरचं अक्षर मोत्यासारखं होतं, यात वाद नव्हता. वाद असलाच तर इतकाच, की त्या मोत्यांचा अर्थ त्याला कितपत कळत असे. सहावीत शाळा सोडून त्याने हातात ब्रश घेतला, तेव्हापासून तीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि दवाखान्यांच्या वेळा रंगवल्या. ‘येथे वाहने उभी करू नयेत’ ही पाटी रंगवून झाल्यावर तिच्याचखाली सायकल लावून तो निवांत जेवला होता. शब्द म्हणजे त्याच्या लेखी रुंदी. ‘मोफत’ सुटसुटीत, ‘नूतनीकरण’ जागाखाऊ.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटलं. त्यामुळे सुट्टीत शाळेचा जिना रंगवायचं बोलावणं आलं, तेव्हा तो लगेच गेला. समाजशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या हातात दोन कागद ठेवले. चाळीस पायऱ्या, चाळीस शब्द. प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूवर एक शब्द आणि शेजारी त्याचा अर्थ. मुलांनी येता-जाता वाचायचा.

पहिल्याच दिवशी पेंटर अडला.

“बाई, हा ‘सार्वभौमत्व’ लांबलचक आहे. ‘सार्व’ वर आणि ‘भौमत्व’ खाली, असा तोडू का?”

“सार्वभौमत्व तोडता येत नाही, पेंटर,” बाई हसून म्हणाल्या.

“का बरं?”

झालं. बाईंना पायरीवर बसून अर्धा तास समजावून सांगावं लागलं. वर्गातल्या मुलांनी इतक्या वर्षांत त्यांचं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. पेंटरलाही चटक लागली. आता तो अर्थ कळल्याशिवाय रंगाचा डबा उघडेना. शासन आणि प्रशासन यांत फरक काय, हे विचारायला तर तो ब्रश हातात घेऊन थेट शिक्षकांच्या खोलीत गेला.

“ठरवतं ते शासन, राबवतं ते प्रशासन,” बाईंनी थोडक्यात उरकलं.

घरी गेल्यावर त्याने जाहीर केलं, “आई म्हणजे शासन आणि मी प्रशासन.”

“आणि मी?” बायकोने विचारलं. ती दिवसभर बेकरीच्या काउंटरवर उभी राहून आली होती आणि तिचे पाय दुखत होते.

“तू न्यायमंडळ.”

“मग निकाल ऐका. आधी भांडी घासा.”

सोळाव्या पायरीवर त्याने ‘अल्पसंख्यांक’ असं झोकात लिहिलं. बाईंनी बोट ठेवलं. “इथे अंक नाही, पेंटर. ‘अल्पसंख्याक’. टिंब पुसा.” असलं टिंब त्याने आजवर कितीतरी पाट्यांवर देऊन ठेवलं होतं. ते आठवून त्याचा चेहरा पडला. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसताना तो त्या टिंबाची माफी मागतोय असं वाटत होतं.

पेंटरच्या स्वतःच्या स्वयंपाकघराला नऊ वर्षं रंग नव्हता. आईला पांढरा हवा होता, बायकोला हिरवट आणि त्याला निळा. आता अंगात शास्त्र भिनलेलं असल्यामुळे त्याने मतदान घेतलं. प्रत्येकी एक मत पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं, तर सासू-सुनेने रात्रीतून आघाडी केली होती. भिंती हिरवट आणि छत पांढरं, दोन विरुद्ध एक.

“म्हणजे मी अल्पसंख्याक,” पेंटर म्हणाला.

“टिंबासकट की टिंबाशिवाय?” बायकोने विचारलं.

ठराव झाला खरा, पण राबवायचा प्रशासनाने. आणि प्रशासन आठवडाभर पाठदुखीचं निमित्त करून बसलं. शेवटी आईच म्हणाली, “अरे, खिडकी निळी कर आणि एकदाचा ऊठ बाबा.” दुपारपर्यंत पाठ बरी झाली.

जिन्याचं काम संपत आलं आणि शेवटच्या पायरीला घोळ झाला. कागदावर टर्पेंटाइन सांडलं होतं. ‘सहमती’ हा शब्द वाचता येत होता, त्याचा अर्थ पार विरघळला होता. बाई बहिणीकडे गेलेल्या, त्यांचा फोन लागेना, आणि शाळा उद्या उघडणार. पेंटर पायरीसमोर उकिडवा बसला. मग त्याने खडूच्या दोरीने रेघ मारली आणि एका दमात लिहून टाकलं : ‘कुणाचंच सगळं नाही, पण सगळ्यांचं थोडं थोडं.’

सकाळी बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे कुठल्या पुस्तकातलं?”

“घरातलं आहे,” पेंटर खाली मान घालून म्हणाला.

मुख्याध्यापकांना मात्र ते पटलं नाही. शाळेच्या भिंतीवर पुस्तकातलीच व्याख्या हवी, असा त्यांनी आग्रह धरला आणि मोठ्याने वाचून दाखवली. ‘निर्णयप्रक्रियेत सहभागी असलेल्या सर्व घटकांनी परस्परांच्या भूमिकांचा आदर राखून’ इथपर्यंत येताना त्यांनी एकदा श्वास घेतला. पेंटरने पट्टी लावून पायरी मोजली.

“बसेल, सर. पण अक्षर मुंगीएवढं होईल. मुलं वाचायला वाकली, तर मागून येणारी त्यांच्यावर पडतील.”

मुख्याध्यापकांनी जिन्याकडे पाहिलं, मग खालच्या फरशीकडे. “राहू द्या,” ते म्हणाले.

चाचणी परीक्षेत अकरा मुलांनी पेंटरची व्याख्या लिहिली. बाईंनी त्यांना दोनपैकी दीड गुण दिले. अर्धा कापला तो केवळ पुस्तकाचा आब राखायला. पेंटरला हे कळलं, त्या दिवशी घरी जाताना त्याने बायकोसाठी फुलं घेतली.

आता त्याला भूगोलाची भिंत मिळाली आहे. परवा मधल्या सुट्टीत बाई घाईघाईने निघाल्या होत्या, तेवढ्यात शिडीवरून हाक आली.

“बाई, तुम्ही म्हणालात की विषुववृत्त काल्पनिक असतं.”

“हो.”

“मग ते किती जाड काढू?”

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली.