झाकण उघडायचं नाही

नाचणगावहून ताईच्या शेजारच्या वंदनाबाईंचा फोन आला तेव्हा मी आधी वैतागलोच. त्यांचा फोन म्हणजे ताईचा निरोप, आणि निरोप म्हणजे लिंबं. खाऱ्या पाण्यानं तिच्या वाफेवर शिजवायच्या स्टीमरच्या तळाला पांढरा थर धरायचा, तो ती लिंबानं काढायची. आणि तिकडच्या लिंबांना म्हणे रस नसतो, म्हणून आमच्या पिपरी मेघेहून मीच न्यायचो. "बोला, किती आणू?" असं मी विचारलंसुद्धा. पलीकडून वंदनाबाई म्हणाल्या, "भाऊ, ताई उठूनच नाई राह्यल्या."

माझी ही मोठी बहीण. शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, पगारातून दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्या घरातून तिला कोणी हलवू शकलं नाही. डोळे अधू होत गेले, गॅसची ज्योत दिसेना, एकदा पदर पेटता पेटता राहिला. आमच्याकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "दिसत नाई म्हणून घर सोडू काय?" मग मीच विजेवरचा स्टीमर नेऊन दिला. ज्योत नाही, वेळ झाली की आपोआप बंद. चार दिवसांत कंटाळेल आणि निमूट येईल, असा माझा अंदाज होता.

कंटाळते कसली. महिन्याभरात ती मलाच शिकवायला लागली. बटाटा, बीट खालच्या टोपलीत, पालेभाजी वर. ज्याचा रंग गळतो ते कधीही वर ठेवायचं नाही. एकदा मी बीट वर ठेवलं आणि खालचा भात गुलाबी झाला. तिला दिसलं नव्हतं, पण पहिल्याच घासाला मला वर्गातल्या पोरासारखं फैलावर घेतलं. डाळीचे गोळे खेटून ठेवायचे नाहीत, टोपलीची भोकं बुजली तर वाफ वर चढत नाही. आणि झाकणाला तर नुसता हात लावायची सोय नव्हती.

"झाकण काऊन उघडलं? वाफ गेली ना सारी."

"शिजलं का बघत होतो."

"मले विचार. चमकुऱ्याचा कच्चा वास येऊन राह्यला अजून."

चमकुऱ्याच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या ती नाकानं शिजवायची, आणि त्या कधी घशाला खाजल्या नाहीत.

एकदा मात्र मी ठरवून गाडी घेऊनच गेलो. आज हिला न्यायचंच. "जेवून घे, मंग नेजो," ती म्हणाली. खाली भात, मधे डाळीचे गोळे, वर वड्या. गोळाभातावर ओतायचं फोडणीचं कडकडीत तेल तेवढं वंदनाबाईंच्या घरून आलं. गोळा बोटानं दाबला, मऊ, आतपर्यंत शिजलेला. आमच्या घरी धड डोळ्यांच्या दोन माणसांना तो असा कधी जमला नाही. मी पोटभर जेवलो आणि रिकामी गाडी घेऊन परत आलो. ताई कुठंय, असं बायकोनं विचारलं. मी गोळाभाताचंच सांगत बसलो.

आणि गेल्या महिन्यात तिचा स्वतःहून फोन. "मले तुह्याकडे ने आता. एकटीनं होत नाई." मला धड आनंदही होऊ दिला नाही, लगेच अटी. ओट्यावर तिची वेगळी जागा. प्लग कमरेच्या उंचीवर, चाचपला की हाताला लागला पाहिजे. "अन् तुह्या बायकोले आधी विचारजो." पहिल्यांदा प्लग जरा उंच बसला, तर फोनवर उंची ऐकून तिनं तो काढायला लावला. चांगली टाइल फोडून मी तो खाली घेतला. रविवारी तिला आणायला जाणार होतो. त्याआधीच, बुधवारी, वंदनाबाईंचा तो फोन आला.

भेटायला येणारे म्हणतात, बाई शेवटपर्यंत स्वतःच्या घरात राहिली, कोणावर भार झाली नाही. मी मान डोलावतो आणि आतून संतापतो. इतकी वर्षं ती नाही म्हणाली, ते सोसलं. पण एकदा हो म्हणून, टाइल फोडायला लावून आलीच नाहीस... हे काही बरं केलं नाहीस, ताई.

परवा बायको सहज म्हणाली, त्या प्लगला मिक्सर लावू या. मी इतक्या जोरात नाही म्हणालो की ती बघतच राहिली. मग तिनं मिक्सर होता तिथं ठेवला, आणि ओट्याची ती रिकामी जागा पुसून घेतली.